जुना मायक्रोस्कोप, मिरजेतलं दुकान आणि भुंग्यावरचे माइट – वर्षभर वापरून लिहितेय

मागच्या मे मध्ये ह्या दुकानातून जुना बायनॉक्युलर मायक्रोस्कोप घेतला, साडेचौदा हजाराला, नि तेव्हाच रिव्ह्यू लिहिणार होते पण म्हटलं एक पावसाळा जाऊ दे, लेन्सला बुरशी धरते का बघू, मग लिहू. आता दुसरा मे आलाय, आमच्याकडं पलूसला दोन वळीव पडून गेलेत, हुमणीचे, म्हणजे उसाची मुळं खाणाऱ्या अळीचे, भुंगे अंधार पडला की बाभळीवर नि कडुलिंबावर गोळा व्हायला लागलेत आणि मायक्रोस्कोप पहिल्या दिवशी होता तसाच स्वच्छ आहे. पाच पैकी पाच.

आधी माझं काम काय ते सांगते, नाहीतर मी एवढं कशाचं कौतुक करतेय ते कळणार नाही. मी झूलॉजीची, ज्युनियर कॉलेजला शिकवते, घरी ऊस आहे. भुंग्यांच्या अंगावर राहणारे माइट गोळा करायचे, ओळखायचे, हा माझा गेल्या काही वर्षांचा नाद. माइट म्हणजे कीटक नव्हेत, गोचीड आणि कोळी यांच्या भावकीतले, मोठेपणी आठ पाय, अंड्यातून निघाल्यावर सहा. शेतकरी ज्याला लाल कोळी म्हणतात तो पण माइटच. कुठलाही शेणकिडा नाहीतर गेंड्या भुंगा पकडून उलटा करून बघा, पायांच्या बेचक्यात, मानेच्या घडीत, कडक पंखाच्या खाली बारीक तांबूस ठिपके पळताना दिसतील. बघणारा प्रत्येकजण म्हणतो भुंग्याला उवा झाल्यात. आमच्या आण्णांना वेगळीच आशा, की हे हुमणीला खाऊन टाकतील आणि औषधाचा खर्च वाचंल.

पण यातले बहुतेक नुसते प्रवासी असतात. शेणाचा पो किती दिवस ओला राहणार, तो वाळला की माइटला दुसरा गाठायचा असतो, पंख तर नाहीत, मग शेणकिड्याच्या अंगावर चढून बसायचं आणि तो ताज्या शेणावर उतरला की आपण पण उतरायचं. तिथं गेल्यावर हे माशीची अंडी आणि बारीक सूत्रकृमी खातात, म्हणजे गोठ्यातल्या माशा कमी करायला मदतच. मॅक्रोचेलिडी नावाचं कुळ आहे त्यातल्या बहुतेक जाती अशाच, आणि प्रवास करणाऱ्या जवळजवळ सगळ्या माद्या असतात. दुसरे काही, युरोपोडिना गटातले, अर्धवट वयात असताना मागच्या बाजूनं चिकट द्रव सोडून त्याचा देठ करतात आणि त्या देठानं भुंग्याला लटकतात, वेलीला बारकी काकडी लोंबावी तसे. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं भुंग्याला बुरशी आलीय.

आता हे सगळं ओळखायचं कशावरून, तर केसांवरून. अंगावर केस किती जोड्या, कुठं, आखूड की लांब, टोक साधं की पिसासारखं फुटलेलं. पाठीवरच्या ढालीवर त्या मॅक्रोचेलिडी कुळातल्याच मॅक्रोचेलिसच्या मादीला साधारण २८ जोड्या केस असतात आणि माइट अख्खा जेमतेम एक मिलिमीटरचा. म्हणजे सगळा खेळ मायक्रोस्कोपवर.

तर ह्या दुकानात येण्याआधी मी एका ऑनलाइन साइटवरून नवाकोरा मायक्रोस्कोप मागवला होता, नाव लिहीत नाही, जाहिरातीत मोठ्या अक्षरात २००० पट लिहिलेलं. ११ हजार गेले. दिसायचं मोठं पण सगळं दुधाळ, धुक्यात बघितल्यासारखं. मी चार महिने त्याच्यावर डोळे फोडले आणि वहीत लिहून ठेवलं की ह्या माइटचे सगळे केस साधे आहेत. त्यावरून 'की'मध्ये, म्हणजे एकेक लक्षण विचारत नावापर्यंत नेणाऱ्या तक्त्यामध्ये, पुढं पुढं गेले नि भलत्याच नावावर पोचले. परत करायची मुदत तोवर संपलेली होती, फोन केला तर म्हणाले की मॅडम तुम्हाला फोकस जमत नाही.

मग पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करणाऱ्या मैत्रिणीनं हे दुकान सांगितलं. मिरजेत एवढी हॉस्पिटलं, एवढ्या लॅब, त्यांचे मायक्रोस्कोप दुरुस्त करणारा माणूस असणारच की, पण माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. दुकान अगदी लहान आहे, दोन माणसं उभी राहिली की तिसरा पायरीवर. काकांनी मला किंमत सांगितली नाही, कंपनी सांगितली नाही, आधी विचारलं, "ताई, बघायचंय काय तुम्हाला?" मी पर्समधून स्लाइड काढून दिली. त्यांनी ती टेबलावरच्या एका मशीनला लावली, पाचेक मिनिटं काही बोलले नाहीत, नुसते खालचं कंडेन्सरचं, म्हणजे स्लाइडवर उजेड गोळा करणाऱ्या भिंगाचं, चाक वर खाली करत होते. मग म्हणाले, "हे केस काचेत हरवणारे आहेत. मोठं दिसून उपयोग नाही ह्याला, सुटं दिसलं पाहिजे."

हे एक वाक्य मला एमएस्सीत कुणी इतकं सोपं करून सांगितलं नव्हतं. ऑब्जेक्टिव्हवर, म्हणजे स्लाइडजवळच्या भिंगावर, ४० च्या शेजारी ०.६५ असा आकडा कोरलेला असतो, सगळी अक्कल त्या आकड्यात आहे. ०.६५ म्हणजे साधारण अर्ध्या मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) अंतरावरच्या दोन गोष्टी सुट्या दिसतात, तेल लावून वापरायच्या शंभराच्या ऑब्जेक्टिव्हवर १.२५ असतं, तिथं पाव मायक्रॉनच्या आसपास. त्याच्यावर तुम्ही वीसचा आयपीस, म्हणजे डोळ्याजवळचं भिंग, लावून २००० पट करा नाहीतर आणखी काही करा, जे सुटं झालेलं नाही ते मोठं झालं तरी एकत्रच राहणार. त्या ऑनलाइनवाल्यानं हेच केलं होतं, साध्या ऑब्जेक्टिव्हवर वीसचा आयपीस ठोकून दिलेला.

काकांनी मला जो दिला तो एका लॅबमधून निघालेला, रक्ताच्या स्लाइडी बघून बघून स्टेज घासलेला, रंग उडालेला. म्हणाले चार दिवसांनी या. त्यांनी तो माझ्यासमोर उघडला म्हणून सांगू शकते काय काय केलं. शंभराच्या ऑब्जेक्टिव्हवर जुनं तेल वाळून पिवळं झालं होतं ते कापसाची काडी फिरवून फिरवून काढलं, घासलं नाही. जाड फोकसच्या चाकाचं ग्रीस दगडासारखं झालं होतं ते सगळं खरवडून नवीन भरलं. जुना हॅलोजन बल्ब काढून एलईडी बसवला. आणि सगळ्यात जास्त वेळ कंडेन्सर मधोमध आणण्यात घालवला, एक स्क्रू एवढासा फिरवायचा, बघायचं, परत एवढासा. मिरजेत सतारीची जवारी काढणारे कारागीर घोडी घासतात, तार छेडतात, ऐकतात, परत घासतात, तसंच डोळ्यानं चाललं होतं. मी मध्ये विचारलं की २०१९ च्या पुरातले लॅबचे मायक्रोस्कोप स्वस्तात मिळतात म्हणे, तर म्हणाले ते मी घेतच नाही, प्रिझममध्ये गाळ गेला की कितीही धुवा, कडेला ओघळ राहतोच.

घरी आणला आणि पहिली स्लाइड तीच लावली जिच्यावर "सगळे केस साधे" लिहिलं होतं. गोठ्यातल्या शेणकिड्यावरची मॅक्रोचेलिसची मादी. चाळीसवर फोकस केलं, आयरिस, म्हणजे उजेड कमी जास्त करायची कंडेन्सरची झडप, थोडी मिटली, आणि पाठीच्या ढालीच्या कडेचे केस टोकाला फुटलेले दिसले, बाटली धुवायच्या ब्रशसारखे, एकेक दात सुटा. मधले साधे, कडेचे फुटलेले. खाली श्वासाचं छिद्र तिसऱ्या चौथ्या पायाच्या मध्ये, तिथून निघणारी नळी पुढं जाते पण छिद्राला जुळायच्या आधी मागून वळसा घेते, हा वळसा मॅक्रोचेलिडीची ओळख आहे, पुस्तकात शंभरदा वाचलेला, डोळ्यानं त्या दिवशी बघितला. पुढच्या पायांच्या जोडीला नख्या नाहीत, ते पाय चालायला नसतातच, चाचपायला असतात. रात्री साडेबारापर्यंत बसले होते, आईनं दोनदा येऊन लाइट बंद कर म्हणून सांगितलं.

त्यानंतर उकिरड्यात सापडलेल्या गेंड्या भुंग्याच्या पोटाखाली धुळीसारखं काहीतरी चिकटलेलं होतं, स्टेरिओखाली (कमी पटीच्या मायक्रोस्कोपखाली) पण धूळच वाटत होती. स्लाइड केली तर ती सगळी ॲस्टिग्माटा गटातली प्रवासी अवस्था, पाव मिलिमीटरच्या आत बाहेर, खायला तोंडच नाही, पोटाच्या मागच्या टोकाला चूषकांची चकती. चाळीसवर ती चकती इतकी स्वच्छ दिसते की चूषक मोजता येतात. ह्या अवस्थेवरून पूर्ण नाव काढणं अवघड असतं, म्हणून मी काही भुंगे मेल्यावर ओल्या टिपकागदावर डबीत ठेवले. यातल्या काही जाती भुंगा मरायचीच वाट बघत असतात, मेला की कात टाकून मोठ्या होतात आणि मढ्यावर वाढणारं खातात. आठवड्याभरात डबीत प्रौढ माइट फिरत होते. वास येतो, घरच्यांची परवानगी घेऊन करा.

ज्यांना हेच काम करायचंय त्यांच्यासाठी अनुभवाचं थोडं. भुंगे प्रकाश सापळ्यातून घेत असाल तर खाली रॉकेलचं पाणी असतं त्यातले घेऊ नका, माइट धुऊन जातात, पांढरा कपडा लावून हातानं उचला. एका बाटलीत एकच भुंगा, हे फार महत्त्वाचं आहे, दोन टाकले की माइट ह्याच्यावरून त्याच्यावर जातात आणि कुणाचे कोण होते ते कायमचं गेलं. सत्तर ऐंशी टक्के अल्कोहोल. माइट अंगावर कुठं होता ते लिहा, पंखाखाली कायम राहणारे कॅनेस्ट्रिनिडीसारखे वेगळे आणि पायापाशी बसून प्रवास करणारे वेगळे, जागा हीच निम्मी ओळख असते. स्वच्छ करायला लॅक्टिक ॲसिड, किंचित कोमट, एक दोन दिवस. आणि पॅथॉलॉजीवाले स्लाइडवर काच चिकटवायला वापरतात ते डीपीएक्स माइटला वापरू नका, ते आणि माइटचं कवच प्रकाश जवळजवळ सारखाच वळवतात त्यामुळं केस गायब होतात. हॉयरचं मिश्रण लागतं, डिंक, क्लोरल हायड्रेट, ग्लिसरीन आणि पाणी, त्यात केस उठून दिसतात.

आणि नावाची घाई करू नका. ओळखायचे मिळणारे बरेचसे 'की' तक्ते युरोप अमेरिकेतल्या जातींवर बेतलेले आहेत, आपल्याकडचा माइट त्यात बसत नसला तरी तक्ता तुम्हाला कुठल्या तरी नावावर नेऊन सोडतोच, माझं त्या चार महिन्यांत हेच झालं. मी आता बहुतेक स्लाइडवर कुळ किंवा जीनस (कुळाच्या खालचा, जातीच्या वरचा गट) लिहून थांबते. गाव, तारीख, भुंगा कोणता, अंगावर कुठं, एवढं नीट असलं की पुढं कुणी जाणकार बघेल तेव्हा जात ठरेल.

आता दुकानाबद्दल ज्या गोष्टी खटकल्या त्या. चार दिवस सांगितलेलं काम अकरा दिवसांनी मिळालं, पलूसहून दोन हेलपाटे फुकट गेले. फोन उचलत नाहीत, काकांचा हात कायम कुठल्या तरी मशीनमध्ये असतो. स्टेज मायक्रोमीटर, म्हणजे एक मिलिमीटरचे शंभर भाग केलेली काचपट्टी, दुकानात नव्हती, ती मला दुसरीकडून आणावी लागली आणि तिच्याशिवाय माप घेता येत नाही, तेव्हा त्यांनी एक तरी ठेवायला पाहिजे. कव्हरस्लिप, म्हणजे स्लाइडवर ठेवायची पातळ काच, घेताना पण बघून घ्या, ऑब्जेक्टिव्हवर १६०/०.१७ लिहिलेलं असतं त्यातला दुसरा आकडा काचेची जाडी आहे, मला आधी जी डबी दिली ती जाड होती आणि चाळीसवर परत दुधाळ दिसायला लागलं, मी घाबरले की लेन्स गेली. नेऊन दाखवलं तर काकांनी डबी बदलून दिली, पैसे घेतले नाहीत.

बुरशीचं म्हणाल तर त्यांनीच सांगितल्याप्रमाणं जून ते ऑक्टोबर मायक्रोस्कोप प्लास्टिकच्या मोठ्या डब्यात, सोबत सिलिका जेल, जेल गुलाबी झालं की तव्यावर गरम करून निळं करून परत ठेवायचं. कापडी कव्हर घालून कपाटात ठेवू नका, कपाटातच बुरशी धरते.

आता फेज कॉन्ट्रास्टचं, म्हणजे पारदर्शक वस्तू उठून दाखवणारं, चाळीसचं ऑब्जेक्टिव्ह आणि त्याची रिंग सांगून ठेवलीय, एखाद्या लॅबचं जुनं निघालं की कळवतो म्हणालेत. परवा रात्री बल्बखाली सापडलेल्या हुमणीच्या भुंग्याच्या पंखाखाली जे पारदर्शक, जवळजवळ काचेचेच माइट निघाले ते त्याच्याशिवाय नीट दिसायचे नाहीत, बाटली तशीच ठेवलीय.

जाणार असाल तर आपली स्वतःची स्लाइड घेऊन जा, तिच्यावरच मशीन बघून घ्या. दुपारी दीड ते चार बंद असतं.