बीटी कपाशीचं पाकीट: हिरवी अळी थांबते, गुलाबीचं काही खरं नाही

यंदा दोन जीनवाल्या बीटीची (म्हणजे झाडातच अळी मारणारं विष तयार व्हावं म्हणून बाहेरचे जीन घातलेल्या कपाशीची) चार पाकिटं लावली (कंपनीचं नाव नाही लिहित, सगळ्यांचं सारखंच आहे). उगवण मस्त, हिरव्या बोंडअळीचा त्रास जवळपास नाहीच, पण दिवाळीनंतर बोंडं फोडली तर आत गुलाबी अळी बसलेली.

दुकानदार म्हणे अळीला सवय झाली. सवय कसली, लाखो अळ्यांत एखादीच्या जीनमधे आधीच बदल असतो, त्यामुळे बीटीचं विष तिच्या आतड्याला नीट चिकटतच नाही, बाकीच्या मरतात, ही जगते आणि पुढची पिल्लं हिचीच. २००२ ला बीटी आलं, २००६ ला दुसरा जीन आला, गुलाबीने दोन्ही पचवले.

आधी सोबत १२० ग्रॅमचं साध्या, बिगर-बीटी सरकीचं (कपाशीच्या बियाण्याचं) पाकीट यायचं, ते आम्ही बांधावर फेकायचो, चूक आमचीच. त्या साध्या झाडांवर साध्या अळ्या वाचल्या असत्या, त्यांचे पतंग या दांडग्यांशी जुळले असते आणि बहुतेक पिल्लं बीटीवर मेली असती. वरून फरदड ठेवली (हंगाम संपल्यावरही कपाशी शेतात उभी ठेवली) म्हणजे गुलाबीला बारमाही मेस.

तीन स्टार. घ्या, पण कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढून पकडणारे) लावा अन् डिसेंबरात पऱ्हाटी (कपाशीची झाडं) उपटा.