बिबट्याचे ठिपके आणि झेब्र्याचे पट्टे : दहा महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या दिवाळीच्या आधी आम्ही बेळगावातील आमच्या जुन्या कौलारू घराच्या सोप्यासाठी बिबट्याच्या ठिपक्यांचे पाच मखमली कुशन-अभ्रे, झेब्र्याच्या पट्ट्यांचा चार बाय सहा फुटांचा गालिचा आणि त्याच ठिपक्यांचे दोन पडदे घेतले. आता श्रावण सरत आला आहे, म्हणजे थंडी, ऊन आणि इथला दमट पावसाळा हे तिन्ही या वस्तूंनी पाहिले आहेत. म्हणून आता त्यांच्याविषयी खात्रीने लिहिता येईल.

आधी नक्षीविषयी. अभ्र्यांच्या पाकिटावर ‘चित्ता’ असे छापलेले होते, पण नीट पाहिल्यावर ते चित्त्याचे ठिपके नव्हेत हे लक्षात आले. चित्त्याच्या अंगावर भरीव काळे ठिपके असतात, बिबट्याच्या अंगावर तुटक कडांची पोकळ फुले असतात, आणि त्या फुलांच्या आत पुन्हा लहान ठिपके दिसले तर तो अमेरिका खंडातील जग्वार समजावा. आमच्या पाचांपैकी तीन अभ्रे बिबट्याचे आणि दोन जग्वारचे निघाले. हा फरक काहींना किरकोळ वाटेल, मला वाटत नाही. 2022 च्या ऑगस्टमध्ये गोल्फ मैदानाच्या परिसरात बिबट्या शिरल्यामुळे आमच्या भागातील शाळा बंद ठेवाव्या लागल्या होत्या. ज्या गावाने तो प्राणी इतक्या जवळून अनुभवला, तिथे त्याची नक्षी तरी खरी असावी. दोन्ही प्रकार शेजारी ठेवले की काहीतरी विसंगत आहे हे डोळ्यांना कळतेच, कारण नाही सांगता आले तरी.

सासूबाईंचा सुरुवातीचा आक्षेप वेगळा होता. “सोप्यात कातडं कशाला पसरायचं?” असे त्यांनी विचारले. हे छापील कापड आहे, खऱ्या कातडीचा व्यापार 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद झाला आहे, हे सांगितल्यावर त्यांनी मान्यता दिली, मात्र गालिचा देवघराच्या उंबऱ्यापासून दूर ठेवावा ही अट घातली. ती मला योग्य वाटली आणि आजही पाळली जाते.

कापडाच्या बाबतीत सर्वांत मोठी निराशा अभ्र्यांनी केली. पॉलिस्टर मखमलीवरची छपाई केवळ लवेच्या टोकांवर असते. मुळाशी कापड पांढरेच राहते. रोज पाठ टेकणाऱ्या कुशनच्या कोपऱ्यांवर पाचव्या महिन्यापासून पांढरट चट्टे दिसू लागले. अभ्रा उलटा करून थंड पाण्यात हाताने धुतला, सावलीत वाळवला आणि इस्त्री मागच्या बाजूने फिरवली तर झीज मंदावते, थांबत नाही. याउलट पडद्यांचे कापड सुती आहे, रंग धाग्यात मुरलेला आहे आणि पश्चिमेचे ऊन खाऊनही तो फारसा उतरलेला नाही. नव्याने घेणाऱ्याने कापडाची उलटी बाजू पाहावी. तिथे नक्षी अंधूक तरी उमटलेली असेल तरच पैसे द्यावेत.

गालिच्याचा अनुभव मिश्र आहे. लाल कोब्यावर काळे-पांढरे पट्टे फार देखणे दिसतात, आलेला प्रत्येक पाहुणा तिथेच थबकतो. परंतु पांढरा पट्टा आमच्याकडील तांबडी माती लपवू शकत नाही. जूनपासून दर आठवड्याला तो अंगणात झटकावा लागला. जुलैत त्याच्या पाठीचे रबर ओल धरून चिकट झाले आणि कोब्यावर डाग उमटले. तेव्हापासून पावसाळाभर गालिचा गुंडाळून माळ्यावर ठेवला आहे. इथल्या घरात रबरी पाठीचा गालिचा घेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

सजावटीच्या दृष्टीने मात्र ही नक्षी मला मनापासून आवडली. बिबट्याचा पिवळसर-तपकिरी रंग सागवानी झोपाळ्याशी आणि पितळी समईशी इतका जुळतो, की तो वेगळा म्हणून जाणवत नाही. चूक झाली ती प्रमाणात. पडदे, कुशन आणि गालिचा एकाच वेळी मांडले तेव्हा दहा बाय बारा फुटांचा सोपा गजबजून गेला. गुळेदगुड्डच्या खणाचे अभ्रे मध्ये घालून पाहिले, पण खणाची बारीक बुट्टी आणि हे ठिपके एकमेकांशी भांडू लागले. शेवटी शहापुरातून साधे, बिननक्षीचे काळे आणि मोहरी रंगाचे हातमागाचे कापड आणले, पडदे आतल्या खोलीत हलवले आणि दिवाणावर ठिपक्यांची दोनच कुशने ठेवली. तेव्हा कुठे डोळ्यांना विसावा मिळाला. मुठीएवढी फुले असलेली नक्षी लहान खोलीत अंगावर येते आणि अगदी बारीक नक्षी दाराकडून पाहता नुसती मळकट दिसते. बोटाच्या दोन पेरांएवढे फूल आमच्या सोप्याला चपखल बसले.

जग्वारचे दोन्ही अभ्रे काढून टाकले आहेत. बिबट्याचे झिजलेले अभ्रे दिवाळीपूर्वी सुती छापील कापडाचे शिवून घेणार आहे. माप शिंप्याकडे देऊन झाले आहे.