फॅमिलीसर्चचा फुल-टेक्स्ट सर्च: बोट सोडा, शेजारी धरा

फॅमिलीसर्च ही वंशावळ शोधायची फुकट वेबसाइट, तिच्यातल्या जुन्या कागदांचा मजकूर शोधायच्या टूलचं रेटिंग आधीच देऊन टाकते, पाचपैकी चार. फुकट आहे म्हणून उगाच वाढवून दिलेलं नाही.

माझ्या सासरचे लोक नॉर्थ कॅरोलायनाचे. सासरे छातीठोकपणे सांगतात की आपण मूळचे आयरिश, पण पहिला कोण आला, कधी आला, कुठल्या गावचा हे विचारलं की सगळे एकमेकांची तोंडं बघतात. नेटवर तयार वंशावळी ढिगाने आहेत, त्यात 'जन्म लंडनडेरी, अंदाजे 1700' असं बिनधास्त ठोकून दिलेलं असतं आणि आधार म्हणून दुसऱ्या कोणाची तरी तशीच वंशावळ. एका साइटला वर्षाचे पैसेही भरले, तिथेही तेच, फक्त जरा चकचकीत.

मुळात 1775 च्या आधी आयर्लंडहून आलेल्यांच्या बोटीच्या याद्या जवळजवळ नाहीतच. फिलाडेल्फियाला उतरलेल्या जर्मन लोकांच्या 1727 पासून मिळतात, कारण ते परके, त्यांच्याकडून राजनिष्ठेची शपथ घ्यायची होती. आयरिश माणूस आधीच ब्रिटिश राजाची प्रजा, त्याची नोंद कोण कशाला ठेवतंय! अमेरिकन सरकारच्या प्रवासी याद्या 1820 पासूनच्या, पहिली जनगणना 1790 ची आणि तिच्यात नाव फक्त कर्त्याचं, बायकापोरं म्हणजे नुसते आकडे. तिकडे डब्लिनचं पब्लिक रेकॉर्ड ऑफिस 1922 मध्ये जळालं, त्यात मृत्युपत्रं, चर्चची रजिस्टरं असं बरंच गेलं. म्हणजे दोन्हीकडून बोंब.

मग उरतात जमिनीचे कागद, मृत्युपत्रं आणि कोर्टाच्या वह्या, आणि तिथे हे टूल भारी आहे. 2024 मध्ये आलं, मशीनने जुनं हस्ताक्षर वाचून ठेवलंय त्यामुळे कागदातला कुठलाही शब्द शोधता येतो. जुन्या इंडेक्समध्ये खरेदीखत शोधलं की देणारा आणि घेणारा एवढेच मिळायचे, आता साक्षीदार मिळतो, चतुःसीमेतला शेजारी मिळतो, मेलेल्या माणसाकडून ज्याचे चार शिलिंग येणं होतं तोही मिळतो. आमचा पूर्वज तसाच सापडला, नॉर्थ कॅरोलायनातल्या रोवन काउंटीतल्या (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी, ही 1753 ची) एका खरेदीखतावर साक्षीदार म्हणून, नावाच्या मध्ये फुलीची खूण, म्हणजे सही येत नव्हती. त्याच्या शेजाऱ्यांची आडनावं टाकून बघितली तर तीच दोन-तीन घरं आधी पेनसिल्व्हेनियात लँकेस्टर काउंटीच्या डोनेगॉल टाउनशिपमध्ये. हे लोक घोळक्याने ग्रेट वॅगन रोडने, म्हणजे पेनसिल्व्हेनियातून दक्षिणेला जाणाऱ्या जुन्या गाडीरस्त्याने, खाली सरकायचे, त्यामुळे स्वतःच्या आडनावापेक्षा शेजाऱ्याचं विचित्र आडनाव जास्त कामाला येतं.

अजून एक, व्हर्जिनियात कोणी असेल तर 'इम्पोर्टेशन' आणि 'आयर्लंड' हे दोन शब्द प्लसचं चिन्ह लावून टाका. तिथे येणाऱ्या माणशी 50 एकर जमिनीचा हक्क होता, तो मागायला कोर्टात शपथ घ्यावी लागे. 1740 मध्ये ऑरेंज काउंटीच्या कोर्टात कित्येकांनी शपथेवर सांगितलंय की आम्ही आयर्लंडहून फिलाडेल्फियाला आणि तिथून इथे स्वखर्चाने आलो, सोबत बायकोमुलांची नावं. बोटीची यादी नसताना यापेक्षा काय पाहिजे?

एक स्टार का कापला तर मशीन गंडतं. जुना लांब एस त्याला एफ वाटतो, कॅम्पबेलचा कारकुनानेच कॅमल करून ठेवलेला असतो, तेव्हा स्पेलिंग बदलून बदलून आणि एखाद्या अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह टाकून शोधा. मशीनने टाइप केलेल्या मजकुरावर जाऊ नका, मूळ पानाचा फोटो उघडून वाचा. तारखाही जपून, 1752 च्या आधी ब्रिटिशांचं वर्ष 25 मार्चला सुरू व्हायचं, म्हणून 1740 चा फेब्रुवारी हा 1740 च्या एप्रिलनंतरचा. सगळ्या काउंट्या सारख्या भरलेल्या नाहीत, आणि काही फोटो घरून उघडतच नाहीत, फॅमिलीसर्चच्या सेंटरला जावं लागतं.

त्याच साइटवरचा सगळ्यांचा मिळून असलेला वंशवृक्ष मात्र लांबूनच बघा, तो कोणीही बदलू शकतं.

आयर्लंडमधलं गाव अजून हाती लागलेलं नाही. सध्या पेनसिल्व्हेनियाच्या स्टेट अर्काइव्ह्जमधले जमिनीचे वॉरंट (जमीन मोजून द्यायचे हुकूम) चाळतेय, तेही फुकटच आहेत. अकाउंट उघडायला फक्त ईमेल लागतो, आणि हे सगळं लॅपटॉपवर करा, मोबाइलवर ते हस्ताक्षर वाचताना डोळ्यांची वाट लागते.