साडेसात मीटर लोकर आणि 6,930 रुपये

जाहिरात होती: घरबसल्या गोधड्यांच्या कडांना लोकर लावून द्या, नगाला 220 रुपये. यूपीआयवरून 350 रुपये नोंदणी आणि 4,500 रुपये अनामत भरली. पुढचं सगळ्यांना माहीतच आहे: माल परत पाठवायचा, तो 'नापास' ठरायचा, अनामत गडप. मलाही माहीत होतं. पण सहा गोधड्या आणि लोकरीच्या सहा लडी खरोखर दारात आल्यावर कोण शंका घेईल? नुसते पैसे उकळणारे माल कशाला पाठवतील?

तिथेच टेप लावायला हवी होती! गोधडी 60 बाय 90 इंच. चारी बाजूंची कड 300 इंच, म्हणजे 7 मीटर 62 सेंटीमीटर. लडीत लोकर साडेसात मीटर. झिगझॅगखाली, म्हणजे मशीनच्या नागमोडी टाक्याखाली, लोकर सैल सोडावी लागते, कोपऱ्यांना जास्तीची लागते, सुरुवातीला आणि शेवटी दोन-दोन इंच टोक ठेवावं लागतं. सव्वाआठ मीटर तरी हवीच. पहिल्याच गोधडीला शेवटच्या कोपऱ्याशी अर्धी वीत कड उघडी राहिली. जोड द्यायचा नाही, करारात 'लोकर अखंड हवी' लिहिलेलं. फोन केला तर उत्तर व्हॉट्सअ‍ॅपवर आलं, "थोडी ताणून घ्या ताई." ताणलेली लोकर मशीनमधून सुटली की आखडते, कड चुणून आत वळते. हे मला माहीत असूनही मी ताणली. आणि सहाही नग 'कड चुणलेली' म्हणून नापास.

कामात खोट नव्हती. आधी अरुंद झिगझॅगने कड दाबून घेतली. मग लोकर कडेला चिकटवून टाक्याची रुंदी 5, लांबी अडीच, 14 नंबरची सुई, वरच्या दोऱ्याचा ताण एका आकड्याने कमी. सुई एकदा कापडात, एकदा लोकरीच्या बाहेर. कोपऱ्यावर सुई रुतवून, मशीनचा पाय उचलून कापड वळवलं. पुरेशी लोकर असती तर एकही चुणी पडली नसती.

परतीच्या कुरिअरला 1,180 गेले. वर 'दुरुस्ती शुल्क' 900, अनामत सुटेल या आशेने तेही भरले. एकदा अडकलात की पुढचा एक रुपयाही देऊ नका.

जाहिरातीत 'कोणतंही मशीन चालेल' असेल तर तिथूनच मागे फिरा. घरातल्या साध्या मशीनवर नुसती सरळ टीप पडते. झिगझॅग आहे का, हे न विचारणाऱ्याला काम करून घ्यायचंच नसतं.

पोलीस ठाण्यात ऐकवलं, "सही तुमची आहे, हा दिवाणी मामला." बँकेत, "पिन तुम्हीच टाकलात." ग्राहक म्हणून तक्रार करायला गेले तर, "तुम्ही काम घेतलंत, तुम्ही ग्राहक कुठे?" चार हेलपाटे, तीन अर्ज, पोच एकाचीही नाही. टेबलावर टेप पसरून हिशेब दाखवला तर साहेब म्हणाले, "ताई, लोकरीचं काय घेऊन बसलात?" अहो, फसवणूक त्या लोकरीतच आहे! बारा सेंटीमीटर कमी, तीही मोजून!

पैसे गेल्याचं कळलं की त्याच तासाला 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. 'तपासणी समिती बसते आहे' या थापेवर मी 19 दिवस घालवले. लड उघडताना टेपसकट व्हिडिओ काढा. आणि मेसेजचा स्क्रीनशॉट तेव्हाच घ्या. "ताणून घ्या" हा मेसेज त्यांनी तिसऱ्या दिवशी पुसून टाकला.