डोमेन कोणाच्या खात्यात असावं: वेबसाइटवाल्याच्या की तुमच्या?

वेबसाइट करून घेताना रंग, फोटो, लोगो यांवर तासन्‌तास चर्चा होते. डोमेन, म्हणजे वेबसाइटचं डॉट कॉमसारखं नाव, कोणाच्या खात्यातून घ्यायचं, हे मात्र वेबसाइटवाल्यावर सोडलं जातं. तो ‘सगळं मी बघतो’ म्हणतो, आणि बहुतेकदा मनापासून म्हणतो.

त्यात सोय आहेच. बिल एकच, रिन्यूअलची आठवण त्याची, डीएनएसमध्ये (डोमेन कोणत्या सर्व्हरकडे जातं, त्या नोंदींमध्ये) काही बदलायचं तर एक फोन पुरतो. पण रजिस्ट्रारच्या, म्हणजे डोमेन विकणाऱ्या कंपनीच्या, लेखी ग्राहक तो असतो. पैसे तुम्ही दिले असले तरी रजिस्ट्रार पासवर्ड देणार तो त्यालाच. उद्या त्याने काम सोडलं किंवा हिशेबावरून वाजलं, तर दुकानाच्या पाटीवर, व्हिजिटिंग कार्डवर छापलेलं नाव दुसऱ्याच्या हातात राहतं. वेबसाइट पुन्हा बनवता येते, ते नाव नाही.

स्वतःच्या खात्यात घेतलं तर जबाबदारीही तुमची. साध्या डॉट कॉमचा खर्च वर्षाला साधारण हजार-दीड हजार रुपये असतो; एकदम जास्तीत जास्त दहा वर्षांचे भरता येतात. ऑटो-रिन्यू लावा, कार्डाची मुदत बघत राहा. चूक मोठ्यांचीही होते: 1999 च्या नाताळात मायक्रोसॉफ्टने आपल्या लॉगिन सेवेच्या पासपोर्ट डॉट कॉम या डोमेनचं नूतनीकरण केलं नाही, हॉटमेलचं लॉगिन अडलं आणि एका प्रोग्रामरने 35 डॉलर भरून ते सोडवलं. डॉट कॉमची मुदत संपली तरी लगेच जात नाही. आधी रजिस्ट्रार देतो ते सवलतीचे दिवस, मग 30 दिवस जबर दंड भरून परत मिळवायची मुभा, आणि शेवटी ते कोणालाही घ्यायला मोकळं.

‘पहिल्या वर्षी डोमेन मोफत’ देणारी पॅकेजेस घ्यायला हरकत नाही, फक्त दुसऱ्या वर्षाचा दर आधी विचारा.

माझं मत पक्कं आहे: डोमेन तुमच्या खात्यात, तांत्रिक काम त्याच्याकडे. बरेच रजिस्ट्रार दुसऱ्याला मर्यादित प्रवेश देऊ देतात; पासवर्ड द्यावाच लागत नाही.

रजिस्ट्रारच्या पॅनेलमध्ये संपर्काचा तपशील उघडा. ‘रजिस्ट्रंट’ (डोमेनचा नोंदणीकृत धारक) समोर तुमचं किंवा फर्मचं नाव हवं आणि ईमेलही तुमचाच. नाव तुमचं पण ईमेल त्याचा, असं असेल तर पासवर्ड रीसेटची लिंक त्याच्याकडेच जाणार. शिवाय हा ईमेल त्याच डोमेनवरचा नको. डोमेन बंद पडलं की मेलही बंद, म्हणजे रिन्यूअलची सूचनाही पोचत नाही. जीएसटी पोर्टलचे ओटीपी त्याच मेलवर येत असतील तर तेही अडकतात.

आधीच त्याच्या खात्यात असेल, तर संबंध चांगले असतानाच मागून घ्या. दोघांची खाती एकाच रजिस्ट्रारकडे असतील तर तो ते तिथल्या तिथे तुमच्या खात्यात टाकू शकतो. नसतील तर त्याच्याकडून डोमेन हलवण्यावरचं लॉक काढून घ्या आणि ऑथ कोड (हलवताना द्यावा लागणारा गुप्त कोड) मागा. नवीन घेतलेलं डॉट कॉम मात्र पहिले 60 दिवस सहसा दुसऱ्या रजिस्ट्रारकडे हलवता येत नाही.