माउंटन लायन आणि बॉबकॅट: कुत्र्यांमागे चढायचं की कॉल वाजवत बसायचं?

थंडीची चाहूल लागली की फिनिक्सजवळच्या चँडलर-गिल्बर्टकडच्या आपल्या मंडळींपैकी कोणाचा तरी फोन येतोच. "लायनचा टॅग काढलाय. आता पुढे काय?" ॲरिझोनात राहणाऱ्याला शिकारीचं लायसन्स ३७ डॉलरला मिळतं आणि माउंटन लायनचा (म्हणजे प्यूमाचा, हा सिंह नव्हे) टॅग, म्हणजे तो मारायचा परवाना, त्यावर फक्त १५ डॉलरला. त्यामुळे लोक आधी टॅग काढतात आणि विचार नंतर करतात.

पुढचा प्रश्न ठरलेला. कुत्रीवाल्याबरोबर जायचं, की कॉल, म्हणजे जखमी सावजाचा आवाज काढणारी पुंगी किंवा स्पीकर, घेऊन स्वतःच कुठेतरी बसायचं?

आपल्याकडच्या जुन्या शिकारकथा वाचलेल्यांना दोन्ही प्रकार ओळखीचे वाटतात. एक हाक्याच्या जातीचा, दुसरा मचाणावर बसण्याच्या. साम्य तेवढंच. हाक्यात जनावर बंदुकीकडे रेटलं जातं. इथे कुत्री त्याला झाडावर किंवा कड्यावर अडवून धरतात आणि बंदूकवाल्यालाच धापा टाकत तिथवर जावं लागतं. मचाणाखाली खरी बकरी बांधलेली असायची, कॉलमध्ये बकरी नसतेच, नुसता सावजाचा आवाज असतो.

माझं मत आधीच सांगतो, म्हणजे पुढचं वाचायचं की नाही ते ठरवता येईल. लायनसाठी कुत्री, बॉबकॅट या छोट्या रानमांजरासाठी कॉल. लोक हा निर्णय पैसे, वेळ, गुडघे यांवरून घेतात. मी तो एकाच गोष्टीवरून घेतो: चाप ओढण्याआधी समोरच्या जनावराकडे बघायला किती वेळ मिळतो.

त्याआधी कागदपत्रं. एच-१बीसारख्या नॉन-इमिग्रंट व्हिसावर असाल तर केंद्रीय कायद्याने बंदूक बाळगायला मुळात बंदी आहे. राज्याचं वैध शिकारीचं लायसन्स हा तिला असलेल्या अपवादांपैकी एक. म्हणजे लायसन्स संपल्यावर मित्राची रायफल 'नुसती धरून बघणं'सुद्धा महागात पडू शकतं. ग्रीन कार्डवाल्यांना ही भानगड नाही. व्हिसावाल्यांनी मात्र कुत्री की कॉल हे ठरवण्याआधी वकिलाला अर्धा तास द्यावा.

कुत्र्यांची बाजू

आपल्याकडचा मुधोळ किंवा कारवान डोळ्यांनी शिकार करतो. दिसलं की सुटला, तोही फारसा आवाज न करता. इथली कुत्री नेमकी उलटी. ट्रीइंग वॉकर, ब्लूटिक, प्लॉट या जाती नाकावर चालतात आणि सगळा कारभार बोंबलत करतात. त्या बोंबलण्यालाही अर्थ असतो. शिळ्या मागावर कुत्रं अधूनमधून एखादा लांब हेल काढतं. माग ताजा होत गेला की हेल जवळजवळ येतात. लायन झाडावर चढला की आवाज एकदम तुटक होतो आणि ठेका धरतो, भजनात पखवाज द्रुत लयीत शिरावा तसा. सराईत माणूस दोन डोंगर पलीकडून सांगतो, "चढला."

उटाह-कोलोरॅडोत हे काम बर्फावर होतं. तिथे ठसा डोळ्यांना दिसतो, कुत्री त्यावर सोडायची. ॲरिझोनाच्या कोरड्या दगडावर ठसा बहुतेक वेळा दिसतच नाही, म्हणून इथल्या कोरड्या जमिनीवर माग काढणाऱ्या कुत्र्यांचा दबदबा वेगळा. ग्लोब गावाच्या वरच्या अंगाला एका गाइडबरोबर गेलो होतो तेव्हाची गोष्ट. पहाटे साडेचारला खेचरांवर जीन कसलं, कारण ऊन चढलं की दगडावरचा वास उडतो. दहा वाजेपर्यंत जे होईल ते, पुढे नुसती भटकंती. उजाडताना एका खडकाच्या ओट्याखाली धूळ आणि सुक्या पानांची वीतभर ढिगारी दिसली. नर लायन मागच्या पायांनी अशी ढिगारी ओढतो आणि तिच्यावर मुततो, हद्दीची पाटी म्हणून. गाइडची नऊ वर्षांची म्हातारी ब्लूटिक तिथे थांबली. नाक दगडाला जवळजवळ चिकटवलं, ओठ फुर्र फुर्र हलवले, एका दगडावरून दुसऱ्यावर, परत पहिल्यावर. तरणी कुत्री इकडेतिकडे पळत होती, ही मात्र चारपाच मिनिटं हातभर जागा सोडेना. मग मान वर करून एकच हेल काढला आणि बाकीची पाचही तिच्याकडे धावली.

पुढचे तीन तास काय झालं ते मला गाइडच्या हातातल्या जीपीएसच्या पडद्यावरच दिसलं. लायन वेगवान खरा, पण दम कमी. थोडी मुसंडी मारतो आणि झाड किंवा कडा गाठतो. या भागात बऱ्याचदा कडाच, आणि कुत्र्यांचा घात तिथेच होतो, भुंकण्याच्या भरात पाय घसरून.

शेवटी एका मोठ्या ओकवर तो दिसला. मी खालून जवळजवळ वीस मिनिटं बघत होतो. शेपूट संथ हलत होतं आणि कान कुत्र्यांकडे होते. गाइडने दुर्बीण हातात देऊन विचारलं, "नर की मादी?" नराच्या शेपटाखाली, गुदद्वारापासून चारपाच इंच खाली, साधारण इंचभर रुंदीचा केसांचा काळा ठिपका असतो, मादीला नसतो. शेपूट हलेपर्यंत थांबावं लागलं. ठिपका नव्हता. मादी. मग आचळं, आसपास पिल्लांच्या खुणा, सगळं तपासणं आलं. लायनच्या माद्यांना पिल्लं वर्षाच्या कोणत्याही महिन्यात होतात आणि पिल्लं वर्ष-दीड वर्ष आईबरोबर राहतात. अंगावर ठिपके असलेलं पिल्लू किंवा ते बरोबर असलेली आई मारायला ॲरिझोनात मनाई आहे, पण पिल्लं कुठल्या कपारीत ठेवून ती एकटी फिरत असेल तर? गाइडने कुत्र्यांना एकेक करून साखळ्या लावल्या. आम्ही उतरलो. टॅग खिशातच राहिला, पैसे गेले, आणि मला एका पैशाचंही वाईट वाटलं नाही.

या पद्धतीवर सगळ्यात मोठा आक्षेप असा की झाडावर अडकलेल्या जनावराला मारण्यात मर्दुमकी कसली? बरोबर आहे. नेम लावणं हा यातला सगळ्यात सोपा भाग, आणि त्याचं श्रेय घेऊन फोटो काढणाऱ्यांविषयी मलाही प्रेम नाही. पाठलागात जनावराच्या अंगातली बरीच शक्ती खर्ची पडते, त्यामुळे सोडून दिलं म्हणजे त्याला काहीच झालं नाही असंही नाही. पण ज्या पद्धतीत 'नको' म्हणता येतं ती माझ्या लेखी वरचढ.

१९९६चं उदाहरण द्यायलाच हवं. त्या मार्चमध्ये वॉर्नर ग्लेन हे रँचर आणि लायन-गाइड पेलॉन्सिलो डोंगरात कुत्र्यांमागे गेले. कुत्र्यांनी अडवलेलं जनावर बघतात तर जॅग्वार! त्यांनी फोटो काढले, कुत्री आवरली आणि त्याला जाऊ दिलं. त्याच ऑगस्टमध्ये बाबोकिवारी डोंगरात जॅक चाइल्ड्स यांच्या कुत्र्यांनी दुसरा जॅग्वार झाडावर चढवला. तोही फोटो काढून सोडला. पुढच्याच वर्षी अमेरिकेत जॅग्वारला केंद्रीय कायद्याखाली संरक्षण मिळालं. दोन्ही वेळा बघायला वेळ होता म्हणून जनावर वाचलं.

कॉलची बाजू

कॉल म्हणजे जखमी सशाचं रडणं. पंधरा-वीस डॉलरला तोंडाने वाजवायची पुंगी मिळते. दोनशेपासून पाच-सहाशेपर्यंत रिमोटवर चालणारा स्पीकर मिळतो, त्यात ससा, हरणाचं पाडस, सुतारपक्षी, सगळ्यांचे आक्रोश भरलेले. पुंगी स्वस्त, पण आवाज तुमच्या तोंडातून निघतो, म्हणजे मांजर थेट तुमच्याकडे बघत येतं. स्पीकर तीस-चाळीस पावलांवर ठेवला की त्याचं लक्ष तिकडे राहतं. शेजारी वाऱ्यावर फडफडणारं पीस टांगलं तर आणखी बरं, मांजरजात डोळ्यांवर चालते.

कायोटी या कोल्ह्यासारख्या जनावराच्या मागे जाणारे पंधरा-वीस मिनिटं वाजवून जागा बदलतात. मांजरासाठी पाऊण तास धरून चाला, आणि आवाज बंद करू नका. आवाज थांबला की मांजर बसतं, आणि बसलं की तुम्हाला दिसत नाही. माझा पहिला बॉबकॅट असाच, चाळिसाव्या मिनिटाला. पालो व्हर्देच्या झाडाच्या सावलीत एक दगड होता, मी तो बराच वेळ बघत होतो. मग दगडाने कान हलवला. कधी आला, किती वेळ बसला होता, काही कळलं नाही. रायफल वळवताना माझी बाही खरखरली आणि पुढच्या क्षणी तिथे नुसती सावली.

मजा सगळी यातच आहे. कुत्री नाहीत, गाइड नाही, खेचर नाही. शनिवारी सकाळी दोन-तीन जागा करून दुपारच्या जेवणाला घरी. जागा वाचायला शिकता: ससे कुठे आहेत, ओढ्यातली वाळू काय सांगते, वारा कुठून येतो. यातलं शिक्षण कुत्रीवाल्याच्या मागे फिरून मिळत नाही, तिथे तुम्ही बहुतेक वेळ प्रवासी असता.

पण निर्णयाला मिळतात ते चार-पाच सेकंद. बॉबकॅट असेल तर बहुधा पुरतात: आखूड शेपूट, फुगीर गाल. तरी दक्षिण ॲरिझोनाच्या डोंगरांत ओसेलॉट हे ठिपकेदार रानमांजर अधूनमधून नोंदला जातो. आकार बॉबकॅटएवढाच, शेपूट लांब, आणि संरक्षण पूर्ण. शेपूट दिसल्याशिवाय चापाला बोट लावायचं नाही हा नियम घरूनच करून निघा. लायनच्या बाबतीत मात्र तेवढ्या वेळात नर-मादी ओळखणारा मला अजून भेटलेला नाही. ओळखतो म्हणणारे बरेच भेटले.

शिवाय तुम्ही सशाचा आवाज काढताय तेव्हा लायनच्या दृष्टीने ससा तुम्हीच. पाठीमागे खडक किंवा जाड झाड हवंच. पेसन गावाच्या खाली एकदा रिकाम्या हातांनी परतताना, सकाळी आलो त्याच पायवाटेवर, माझ्या बुटाच्या ठशावर लायनचा ठसा पडलेला होता. त्यानंतर एकट्याने लायनसाठी कॉल लावणं मी बंद केलं.

पैसे आणि इतर

गाइडबरोबर कुत्र्यांची लायन-शिकार पाच हजार डॉलर किंवा त्याहून वर जाते. स्वतः कुत्री पाळायचा विचार करणाऱ्याला मी हात जोडतो. ते हत्यार नव्हे, कुटुंब आहे. एका जीपीएस संचाला हजारेक डॉलर, वर हावेलिनाने (रानडुकरासारखं जनावर) फाडलेल्या मांड्यांचे टाके, चोया निवडुंगाचे काटे, रॅटलस्नेक, आणि इथल्या मातीतून होणारा व्हॅली फीव्हर. आयडाहो-मोंटानात लांडगे शिकारी कुत्री मारतात तो ताप वेगळाच. बॉबकॅटसाठीही कुत्री वापरतात, पण दहा किलोच्या मांजरासाठी एवढं लटांबर मला पटत नाही.

दुसऱ्या राज्यात जाणार असाल तर निवड बऱ्याचदा कायद्यानेच केलेली असते. कॅलिफोर्नियात १९९० पासून लायनची शिकारच बंद. ओरेगनने १९९४ साली आणि वॉशिंग्टनने १९९६ साली मतदानाने लायनवर कुत्री सोडणं थांबवलं, तिथे कॉल किंवा पायपीट. कोलोरॅडोत कुत्री चालतात पण लायनसाठी इलेक्ट्रॉनिक कॉल नाही. तिथे लायन-बॉबकॅटची शिकार बंद करण्याचा प्रस्ताव २०२४ साली मतदारांनी फेटाळला. ॲरिझोनात कुत्री सोडल्यापासून शेवटपर्यंत टॅगवाल्याने हजर असावं लागतं. "जनावर झाडावर चढलं की फोन करतो, या" असं सांगणारा गाइड भेटला तर तिथूनच परत फिरा. निघायच्या आदल्या दिवशी तुमचा झोन लायन मारायची मर्यादा भरून बंद झाला नाही ना, तेही बघा.

लायनचं मांस लोक खातात. पांढरं असतं, डुकराच्या जवळ जाणारं. ट्रिकिनेला या जंताचा धोका असतो, म्हणून आतपर्यंत शिजवायचं, गुलाबी ठेवायची हौस इथे नको. कातडं भारतात न्यायचं मनात असेल तर लायन आणि बॉबकॅट दोन्ही साइट्स (वन्यजीव-व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) च्या यादीत आहेत, परवान्याशिवाय देशाबाहेर पाऊल नाही. आणि तिकडे पोचल्यावर जुन्नरच्या मामाला समजावून सांगायचं की हे बिबट्याचं नव्हे, ते वेगळंच.

मागच्या महिन्यात ज्याने फोन केला त्याला मी एवढंच विचारलं, "शनिवारी पहाटे तीनला उठशील?"

"पाचला नाही का चालणार, दादा?"

त्याला मी माझी पंधरा डॉलरची पुंगी दिली आणि बॉबकॅटच्या हंगामाच्या तारखा बघून ठेवायला सांगितल्या.