थिआल्फ, हेरेनफेन: जिथे वाऱ्याला प्रवेश नाही

नेदरलँड्सच्या फ्रीसलंड प्रांतातील हेरेनफेन येथील थिआल्फ हे बंदिस्त स्टेडियम पाहिले आणि स्पीड स्केटिंगला छप्पर कशासाठी हवे, हे मला पहिल्यांदा नीट उमगले. येथील ४०० मीटरचा कृत्रिम बर्फाचा ट्रॅक १९६७ साली उघड्यावर सुरू झाला आणि १९८६ मध्ये त्यावर छप्पर आले. या खेळातील बहुतेक शर्यतींत एका वेळी दोघेच धावतात व निकाल घड्याळावर लागतो. त्यामुळे उघड्या मैदानावर पहिल्या जोडीला लाभलेली शांत हवा शेवटच्या जोडीच्या वाट्याला आली नाही, तर पदक वाऱ्याच्या लहरीवर ठरते. छपराखाली तो अन्याय उरत नाही.

तिकीट काढताना शक्यतो विजयरेषेच्या विरुद्ध, म्हणजे ट्रॅकच्या पलीकडच्या सरळ बाजूची जागा घ्यावी. तेथे प्रत्येक फेरीत आतल्या लेनमधला खेळाडू बाहेर आणि बाहेरचा आत येतो, आणि दोघे एकाच वेळी पोहोचले तर आतून बाहेर जाणाऱ्याने वाट द्यायची असते. एक हात पाठीवर ठेवून खेळाडू समोरून जातो, तेव्हा फक्त पुढच्या बाजूने बुटाला जोडलेले आणि टाचेखाली सुटलेले पाते पुन्हा बुटावर आपटल्याचा ‘टक्, टक्’ आवाज येतो; १०,००० मीटरच्या शर्यतीत, म्हणजे पंचवीस फेऱ्यांत, त्या आवाजाची लय बिघडली की दमछाक सुरू झाल्याचे घड्याळाच्या आधी कानाला कळते.

जागतिक विक्रम मात्र बहुधा कॅल्गरी आणि सॉल्ट लेक सिटी येथे होतात, कारण ही शहरे उंचावर असून तेथील विरळ हवेचा अडथळा कमी असतो. थिआल्फ जवळपास समुद्रसपाटीला आहे, म्हणून येथे नोंदलेली चांगली वेळ मला अधिक मोलाची वाटते.

शेजारच्या लहान हॉलमध्ये आइस हॉकी खेळतात. शॉर्ट ट्रॅक या छोट्या ट्रॅकवरच्या स्केटिंग शर्यतींची १११.१२ मीटरची फेरीही अशाच हॉकीच्या मैदानावर आखली जाते. मोठा ट्रॅक ठरावीक वेळी सर्वांसाठी खुला असतो, ही मला या वास्तूची सर्वांत मोठी सेवा वाटते. याच प्रांतातील गोठलेल्या कालव्यांवरची सुमारे २०० किलोमीटरची अकरा शहरांची शर्यत ४ जानेवारी १९९७ नंतर झालेली नाही, कारण तेवढा जाड बर्फ पुन्हा धरलाच नाही. येथील मुलांचे पाय बर्फावर तयार होतात ते आता मुख्यतः अशा छपरांखाली.

मध्यंतरात यंत्रे गरम पाणी सोडत ट्रॅकभर फिरतात आणि पात्यांचे ओरखडे मिटत जातात. त्या वेळी उठून जाऊ नये. पाणी गोठताना दिव्यांचे प्रतिबिंब हळूहळू स्थिर होते, ते पाहावे.